पुण्य खासगी, उपद्रव सार्वजनिक : मुंबईच्या मोकाट जनावरांचा दोनशे वर्षांचा हिशेब

१/
गिरगावात, लालबागेत किंवा दादरला कुत्र्यांवरून शेजाऱ्यांत भांडण पेटले की दोन वाक्ये हमखास ऐकू येतात. ‘पूर्वी असे नव्हते’ हे पहिले आणि ‘हा भावनेचा प्रश्न आहे’ हे दुसरे. इतिहासाच्या कसोटीवर दोन्ही टिकत नाहीत. पूर्वीही असेच होते. आधुनिक मुंबईतील पहिली दंगल म्हणून जी ओळखली जाते ती कुत्र्यांवरूनच झाली. आणि प्रश्नाच्या मुळाशी भावनेपेक्षा अधिक जुनी गोष्ट आहे : जनावराने उभे कोठे राहायचे आणि त्याच्या चाऱ्याचे पैसे कोणी द्यायचे?

२/
समाजमाध्यमांवर या इतिहासाच्या दोन कथा वारंवार फिरतात. एक, ‘पारशांनी कुत्र्यांसाठी इंग्रजांशी दंगल केली’ ही गंमत म्हणून सांगितली जाणारी कथा. दुसरी, ‘जमशेटजी जीजीभॉय यांनी गुरांसाठी कुरण घेऊन दिले आणि चर्नी रोड हे नाव पडले’ ही गौरवाची कथा. दोन्ही कथांत तथ्य आहे. पण त्या ज्या पद्धतीने सांगितल्या जातात तिने मूळ तक्रार झाकली जाते. कुरण विकत का घ्यावे लागले आणि कुत्रे ‘बेवारशी’ कोणी ठरवले, हे प्रश्न दोन्ही कथांतून गळतात.

३/
प्रथम जमीन पाहू. दक्षिण आणि मध्य मुंबईतील नावे आजही शेताची साक्ष देतात. गिरगाव हे नावातच गाव. खेतवाडी, मुगभाट, बोरभाट, फणसवाडी, केळेवाडी, आंबेवाडी ही सारी नावे पिकांची आणि बागांची. त्यांच्यातच गायवाडी आहे. पुढे गोवालिया टँक : गवळी आपली गुरे जेथे पाण्यावर आणीत तो तलाव. १९४२ च्या ‘चले जाव’ ठरावामुळे या जागेला ऑगस्ट क्रांती मैदान म्हणून सारा देश ओळखतो. गुरांचा तलाव बुजला आणि नाव तेवढे उरले.

४/
जेथे भात, भाजी आणि नारळीची बाग शेजारी-शेजारी, तेथे गुरे दुसऱ्याच्या कुंपणात शिरणारच. मराठी मुलखातील गावांनी यावर पिढ्यानपिढ्या एक व्यवस्था उभी केली होती. गुरांसाठी गायरान राखलेले असे. गावाची गुरे एकत्र चारायला नेणारा गुराखी असे आणि त्याला घराघरातून धान्य मिळे. गुराने पीक खाल्ले तर नुकसानीची बोलणी चावडीवर होत. भांडणे होतच, डोकीही फुटत. तरी भांडणाला जागा होती, निवाडा करणारे होते आणि मुख्य म्हणजे जनावराला उभे राहण्यासाठी हक्काची जमीन होती.

५/
कोकणातून आणि घाटावरून परळ-लालबागच्या गिरण्यांत आलेल्या माणसाला ही व्यवस्था परकी नव्हती. कोकणात भाताची कापणी उरकली की गुरे मोकळी सोडण्याची रीत आजही पुष्कळ गावांत आहे. त्या दिवसांत गाव हेच कुरण. ज्याला उन्हाळी भाजी करायची असेल त्याने कुंपण घालावे, असा अलिखित नियम. म्हणजे ‘मोकाट’ हा शब्द तेथे वर्षाच्या एका काळाचे नाव होता, अपराधाचे नव्हता. मग तो अपराध केव्हा झाला?

६/
उत्तर कोटाबाहेरच्या मैदानात आहे. १८०३ मध्ये मुंबईच्या कोटात मोठी आग लागली. त्यानंतर तटाबाहेरचा मोकळा पट्टा अधिक रुंद राखण्यावर सरकारचा भर राहिला. शत्रू आला तर तोफेला आडोसा नको, हा हेतू. हाच एस्प्लनेड, लोक त्याला कॅम्प मैदान म्हणत. आजची आझाद, क्रॉस आणि ओव्हल मैदाने त्याचेच तुकडे. सरकारच्या दृष्टीने ही लष्करी जागा होती. गवळ्याच्या दृष्टीने ते गवत होते. एकाच जमिनीचे हे दोन अर्थ फार काळ शेजारी नांदणे शक्य नव्हते.

७/
कुत्र्यांबाबतही असाच एक नियम आला. १८१३ च्या नियमान्वये उष्ण महिन्यांत रस्त्यावरची बेवारशी कुत्री मारण्याची परवानगी होती. या नियमामागची भीती खोटी नव्हती, हे प्रामाणिकपणे नोंदवले पाहिजे. पिसाळलेल्या कुत्र्याचा चावा म्हणजे मृत्यू. पाश्चरची लस १८८५ ची. तोवर जगात कोणाकडेही उपाय नव्हता. सरकारचा दोष भीतीत नाही, तिच्यावर त्याने योजलेल्या उपायात आहे.

८/
उपाय असा : मारलेल्या प्रत्येक कुत्र्यामागे आठ आणे. १८३२ मध्ये पोलीस दंडाधिकाऱ्याने मारण्याची मुदत वाढवली. मोजणीवर पैसे मिळू लागले की काय घडते हे सांगण्यास अर्थशास्त्र नको. पिसाळलेले कुत्रे शोधणे कठीण आणि धोक्याचे. दारात निजलेले, माणसाळलेले कुत्रे सोपे. पाळीव आणि बेवारशी हा भेद आठ आण्यांपुढे टिकत नाही. रोग थांबवण्यासाठी काढलेला हुकूम शेपट्या मोजण्याचा धंदा होऊन बसला.

९/
पारशी समाजात कुत्र्याचे स्थान धार्मिक आहे. मृतदेहावर कुत्र्याची नजर पडण्याचा ‘सगदीद’ हा विधी त्यांच्या अंत्यसंस्काराचा भाग. ६ जून १८३२ रोजी सकाळी, पारशांच्या एका पवित्र दिवशी, घरांजवळ कुत्री मारणे सुरू असताना सुमारे दोनशे जणांच्या जमावाने दोन युरोपीय शिपायांवर हल्ला केला. दिवस मावळण्यापूर्वी बाजार बंद होऊ लागला होता.

१०/
येथपर्यंतच कथा सांगितली तर ती ‘श्रद्धा विरुद्ध स्वच्छता’ अशी दिसते. पण ७ जून पाहा. त्या दिवशी पारशांबरोबर हिंदू आणि जैनही होते. कोटातले व्यवहार ठप्प झाले. कुलाब्याच्या लष्करी छावणीकडे जाणारा अन्नपाण्याचा पुरवठा अडवला गेला. ज्या समाजात सगदीद नाही त्या समाजातील माणसे का बाहेर पडली? अहिंसेचा धर्म हे एक उत्तर आहे, पण ते अपुरे आहे. ज्या शहराचे पाणी, पाव, भाजी आणि व्यापार या लोकांच्या हातून चाले त्या शहरात, त्यांच्याच दाराशी काय घडावे हे त्यांना न विचारता ठरत होते. हरताळाने उत्तर नेमक्या त्या जागी दिले.

११/
सरकारने लष्कर बोलावले. लोकांना अटक झाली. व्यापारी शेठियांनी मध्यस्थी केली. अखेर तडजोड निघाली ती अशी : कुत्री मारण्याऐवजी शहराबाहेर हलवावीत. या तडजोडीकडे नीट पाहिले पाहिजे, कारण पुढील दोनशे वर्षे मुंबईने प्रत्येक वेळी हेच उत्तर दिले आहे. मारणे अप्रिय झाले की हलवणे. पण हलवणे म्हणजे कोठे? ‘बाहेर’ ही कोणाची तरी शेजारची जागा असतेच. शहराच्या वेशीबाहेर ज्यांचे घर होते त्यांना कोणी विचारले नाही.

१२/
१८ ऑक्टोबर १८३४ रोजी मुंबई पांजरापोळ स्थापन झाली. जमशेटजी जीजीभॉय हे पारशी आणि मोतीशा म्हणून ख्यात असलेले मोतीचंद अमीचंद हे जैन शेठ यांची नावे तिच्याशी जोडलेली आहेत. रस्त्यावरच्या कुत्र्यांना आणि डुकरांना मरण टाळून आसरा मिळावा, हा तत्कालीन हेतू. व्यापाऱ्यांनी आपल्या मालावर लाग बसवून तिच्या खर्चाची सोय केली. भुलेश्वर-सी.पी. टँकच्या दाट वस्तीत ती आजही उभी आहे आणि तिच्या आवारात आजही गाई आहेत.

१३/
येथे एक गोष्ट स्पष्टपणे मान्य करावी लागते. पांजरापोळ ही त्या काळातील अत्यंत कार्यक्षम संस्था होती. तिला जागा होती, ठरलेले उत्पन्न होते आणि जबाबदार माणसे होती. सरकारकडे या तिन्हींपैकी काहीच नव्हते. पण त्यामुळेच एक सवय पडली. शहरातील जनावरांचा प्रश्न हा राज्यकर्त्यांचा राहिला नाही. तो दानशूरांचा झाला. सरकार मारण्यापुरते हजर आणि सांभाळण्याच्या वेळी गैरहजर, ही वाटणी १८३४ मध्ये पक्की झाली.

१४/
आता चर्नीची कथा. प्रचलित वृत्तान्त असा : सरकारने चराईवर शुल्क बसवले, गरीब गुरेवाल्यांना ते परवडेना. तेव्हा १८३८ मध्ये जमशेटजींनी ठाकूरद्वारजवळ समुद्राकाठची गवताळ जमीन २०,००० रुपयांना स्वतःच्या पैशातून घेतली आणि गुरांना फुकट चरू दिले. चरणीवरून चर्नी. ठाण्याच्या चेंदणी गावातून आलेल्या वस्तीवरून हे नाव पडले, अशी दुसरी व्युत्पत्तीही सांगितली जाते. नावाचा वाद सोडला तरी कुरणाचा अर्थ बदलत नाही.

१५/
हा अर्थ काय? आदल्या पिढीपर्यंत जे गवत कोणाचेच नव्हते म्हणून सर्वांचे होते, त्यावर प्रथम किंमत लावली गेली. ज्यांना किंमत देता येईना त्यांच्यासाठी एका श्रीमंत माणसाने दुसरीकडे गवत विकत घेतले. गवळ्याचा हक्क गेला आणि त्याच्या जागी उपकार आला. हक्क चावडीवर मागता येतो. उपकाराचे आभार मानायचे असतात. इतिहासाने आभार तेवढे लक्षात ठेवले. शुल्क कोणी लावले, कोणाच्या सहीने लावले, हे त्या कथेत कोणी विचारत नाही.

१६/
जमशेटजींच्या दातृत्वाला कमी लेखण्याचे येथे कारण नाही. रुग्णालय, कलाशाळा, माहीमचा कॉजवे या साऱ्यांत त्यांच्या घराण्याचे नाव आहे. ही संपत्ती चीनशी चालणाऱ्या अफू आणि कापसाच्या व्यापारातून आली, हेही तितकेच खरे. कंपनी सरकारच्या ज्या अर्थव्यवस्थेने सार्वजनिक जमिनीला दर लावला तिच्याच नफ्यातून त्या जखमेवर फुंकर घातली गेली. दाता चांगला असू शकतो आणि व्यवस्था अन्यायी असू शकते. दोन्ही एकाच वेळी. गौरवाच्या पोस्टमध्ये दुसरा भाग येत नाही, हीच तक्रार आहे.

१७/
आणि ते कुरण टिकले का? १८६० च्या दशकात कोटाच्या भिंती पाडल्या गेल्या, बॅकबे भरून काढण्याच्या योजना आल्या आणि बीबीसीआय रेल्वेचे रूळ समुद्राच्या काठाने दक्षिणेकडे सरकले. चर्नी रोड हे रेल्वे स्थानक झाले. हक्काची जमीन असती तर ती घेताना निदान वाद घालावा लागला असता. उपकाराची जमीन उपकारकर्त्याच्या पश्चात निमूटपणे शहरात विरघळली. आज तेथे गाडीची वाट पाहणाऱ्या हजारोंपैकी फार थोड्यांना पायाखाली गवत होते याची कल्पना असेल.

१८/
याच काळात मुंबईबाहेर काय चालले होते ते पाहिले की फरक उघड होतो. १८५७ च्या आणि मग १८७१ च्या कॅटल ट्रेसपास ॲक्टने, म्हणजे गावकऱ्यांच्या भाषेत कोंडवाड्याच्या कायद्याने, गुरांच्या शिरकावाची रीतसर पद्धत घालून दिली. पिकात शिरून नुकसान करणारे गुरू शेतकरी पकडू शकतो. पण २४ तासांच्या आत ते कोंडवाड्यात पोचवले पाहिजे. मालक दंड आणि चाऱ्याचा खर्च भरून ते सोडवतो. सात दिवसांत कोणी आले नाही तर जाहीर सूचना, आणि त्यानंतरही कोणी फिरकले नाही तर लिलाव.

१९/
या कायद्यातला सर्वांत दुर्लक्षित भाग मालकाच्या बाजूचा आहे. गुरू विनाकारण पकडले असे वाटल्यास मालक दहा दिवसांच्या आत दंडाधिकाऱ्याकडे तक्रार करू शकतो. पकडणे बेकायदा ठरल्यास त्याला भरपाई मिळू शकते. म्हणजे पकडणाऱ्यालाही मुदत, मालकालाही मुदत, दोघांनाही सुनावणी. हा कायदा सौम्य मुळीच नव्हता. गरीब शेतमजुराची एकुलती गाय दंडापायी लिलावात जाई, आणि कोंडवाडा हे गावातील सूड उगवण्याचे साधनही होई. तरी तो भांडण हे दोन शेजाऱ्यांमधील भांडण म्हणून ओळखत होता.

२०/
हा कायदा ज्या प्रदेशांना लागू नव्हता त्यांत इलाख्यांची राजधानीची शहरे होती. म्हणजे मुंबई. येथे गुरू आणि कुत्रे यांच्याकडे पाहण्याची जबाबदारी पोलीस आणि नगरपालिका यांच्यावर आली, आणि त्यांच्या कायद्याचा शब्द होता ‘उपद्रव’. उपद्रवाला शेजारी नसतो. त्याला तक्रारदार आणि निरीक्षक असतो. सुनावणी नाही, नुकसानीचे मोजमाप नाही, मालकाची बाजू नाही. उपद्रव फक्त हटवायचा असतो. मुंबईत जनावरांची भांडणे इतक्या लवकर धर्मावर आणि रस्त्यावर का जातात, याचे एक कारण येथे सापडते. मध्ये चावडीच उरलेली नाही.

२१/
परळची गोष्ट वेगळी, म्हणून महत्त्वाची. १८७४ मध्ये मुंबईत प्राण्यांवरील क्रूरतेस प्रतिबंध करणारी संस्था निघाली. पुढील दशकात परळला बाई साकरबाई दिनशा पेटिट यांच्या नावाचे जनावरांचे रुग्णालय उभे राहिले आणि १८८६ मध्ये तेथेच पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झाले. येथे दानाला शास्त्राची आणि शिक्षणाची जोड मिळाली आणि सरकारही त्यात उतरले. जनावर जखमी असेल तर काय करायचे, याचे उत्तर मुंबईने शोधले. जनावर धडधाकट असून रस्त्यावर असेल तर काय, याचे उत्तर मात्र तिने शोधले नाही.

२२/
मग तबेले. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मुंबईचे दूध वस्तीतल्या म्हशींच्या तबेल्यांतून येई. शेण, माश्या आणि गटारे यांचा त्रास शेजारच्या चाळींना होई. तक्रार रास्त होती. १९४९ मध्ये दारा खुरोडी यांच्या पुढाकाराने गोरेगावजवळ आरे दुग्ध वसाहत सुरू झाली. सुमारे १,२८७ हेक्टर जमीन, ३२ गोठे-वसाहती, सुमारे १६,००० जनावरांची सोय. ‘मारणे’ आणि ‘हाकलणे’ यांपलीकडे जाऊन राज्याने प्रथमच जमीन, पैसा आणि व्यवस्था तिन्ही दिल्या. मुंबईच्या इतिहासातील हे सर्वांत गंभीर उत्तर.

२३/
पण याही उत्तराला ‘बाहेर’ची किंमत होतीच. आरेच्या परिसरात वारली पाडे आधीपासून होते. शहराचा उपद्रव त्यांच्या अंगणात गेला. आणि पुढे काय झाले? ऑक्टोबर २०१९ मध्ये मेट्रोच्या कारशेडसाठी आरेत रातोरात झाडे तोडली गेली. चर्नीला कुरण होते, तेथे रेल्वे आली. आरेला गोठे होते, तेथे मेट्रो आली. जनावरांसाठी राखलेली जमीन ही मुंबईच्या हिशेबात नेहमी ‘पुढे उपयोगी पडेल अशी रिकामी जागा’ असते.

२४/
कुत्र्यांचे काय झाले? आठ आण्यांची पद्धत गेली. मारणे गेले नाही. १९८४ ते १९९४ या दहा वर्षांत मुंबई महापालिकेने सुमारे साडेचार लाख कुत्री मारली. तरी रस्त्यावरची संख्या घटली नाही. कारण साधे आहे : कचरा तसाच राहिला, आणि रिकाम्या झालेल्या गल्लीत शेजारच्या गल्लीतली कुत्री आली. १९९४ नंतर मारणे थांबले, १९९८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने निर्बीजीकरणाच्या बाजूने आदेश दिला आणि २००१ मध्ये केंद्राचे नियम आले. १८३२ च्या जमावाने जे सांगितले ते मान्य करण्यास शहराला १६२ वर्षे लागली.

२५/
पण निर्बीजीकरणाचा नियम कागदावर असणे आणि प्रत्येक प्रभागात त्यासाठी पुरेशी जागा, डॉक्टर आणि पैसा असणे यांत अंतर आहे. ते अंतर आज कोण भरून काढते? गल्लीत रोज खाऊ घालणारी एखादी बाई, स्वतःच्या खिशातून लस टोचून घेणारा एखादा तरुण, एखादी लहान संस्था. पुन्हा तेच : जमशेटजींच्या जागी छोटे-छोटे दाते. आणि त्याची दुसरी बाजूही पुन्हा तीच. पहाटे पेपर टाकणारा पोरगा, रात्रपाळीहून परतणारा कामगार, कचरा उचलणारी बाई, पदपथावर झोपणारे मूल. चाव्याची जोखीम यांच्या वाट्याला येते. त्यांना विचारणारे कोणी नसते.

२६/
गाईचे उदाहरण आणखी बोलके आहे. गिरगाव-दादरच्या देवळांबाहेर गाय बांधून गवताच्या पेंड्या घेऊन बसलेल्या बायका सर्वांनी पाहिल्या आहेत. जाणारा-येणारा पैसे देतो, पेंडी गाईपुढे टाकतो, नमस्कार करून पुढे जातो. पुण्य त्याचे. दिवसाची चिल्लर त्या बाईची. शेण पदपथाचे आणि उन्हात दिवसभर उभे राहणे गाईचे. येथे कोणीही दुष्ट नाही. तरी हिशेब मांडला की दिसते : लाभ ज्याचा त्याच्या घरी गेला आणि त्रास मात्र सर्वांत वाटला गेला. एकेकाळी कुरणात फुकट चरणारी गाय आता पेंडीच्या दराने चरते.

२७/
दादरच्या कबुतरखान्याचा २०२५ चा वाद याच साच्यातला. जुलैत शहरातील कबुतरखाने बंद करण्याची घोषणा, ताडपत्री, ६ ऑगस्टला ती फाडणारा जमाव, मग उच्च न्यायालय, मग उलट बाजूचे आंदोलन. पाहता पाहता फुप्फुसांच्या आजाराचा मुद्दा मागे पडला आणि मराठी विरुद्ध जैन असा रंग चढला. १८३२ मध्ये हिंदू, जैन आणि पारशी एका बाजूला होते. २०२५ मध्ये शेजारी शेजाऱ्याविरुद्ध उभा राहिला. दोन्ही वेळी एक पक्ष सुरक्षितपणे बाजूला होता : ज्याने पर्यायी जागा, तिचा खर्च आणि वेळापत्रक आधी ठरवायला हवे होते तो.

२८/
देशपातळीवरही तेच वळण दिसते. ११ ऑगस्ट २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली परिसरातील भटकी कुत्री निवाऱ्यांत हलवण्याचा आदेश दिला. २२ ऑगस्टला तो बदलून निर्बीजीकरण आणि लसीकरणानंतर परत सोडण्याची आणि खाऊ घालण्यासाठी ठरावीक जागा नेमण्याची सूचना केली. ७ नोव्हेंबरला शाळा, रुग्णालये, स्थानके येथून कुत्री आणि महामार्गांवरून मोकाट गुरे हटवण्यास सांगितले. हटवून नेणार कोठे? निवारे किती, कोणाच्या जमिनीवर, कोणाच्या पैशाने? प्रश्न १८३२ च्या तडजोडीत जेथे सुटला होता तेथेच पडून आहे.

२९/
‘मग कुत्री आणि गुरे रस्त्यावरच राहू द्यावीत का?’ असा प्रतिप्रश्न येईल. नाही. चाव्याने मरणारे मूल ही कोणाच्याही करुणेची किंमत असू शकत नाही. ‘मग मारावीत का?’ त्याचेही उत्तर साडेचार लाखांच्या आकड्याने दिले आहे. इतिहास येथे तिसरी गोष्ट सांगतो. जी उत्तरे काही काळ तरी चालली, म्हणजे गावाचे गायरान, भुलेश्वरची पांजरापोळ, परळचे रुग्णालय, आरेची वसाहत, त्या सर्वांत तीन गोष्टी होत्या : ठरलेली जागा, ठरलेले उत्पन्न आणि नावानिशी जबाबदार माणूस. जेथे यांतली एकही नव्हती तेथे फक्त दंगे, दंड आणि देणग्या झाल्या.

३०/
म्हणून पुढच्या वेळी आपल्या गल्लीत भांडण पेटेल तेव्हा ‘तू प्राणिद्वेष्टा’ आणि ‘तू माणूसद्वेष्टा’ या आरोपांआधी प्रभाग कार्यालयाला चार प्रश्न विचारले जावेत. या प्रभागातील निर्बीजीकरण आणि लसीकरण कोठे होते? त्याची तरतूद किती आणि खर्च किती? खाऊ घालण्याची जागा कोणी, कोणाला विचारून ठरवली? आणि चावा बसलेल्याची तसेच खाऊ घालणाऱ्याची अशा दोघांची बाजू समोरासमोर ऐकणारा अधिकारी कोण? १८७१ च्या कोंडवाड्याच्या कायद्याने खेड्यातल्या शेतकऱ्याला आणि गुरेवाल्याला जे दिले, ती सुनावणी मुंबईच्या नागरिकाला आजही नाही.

३१/
भुलेश्वरची पांजरापोळ पुढे वाढली. चेंबूरला तिची जमीन झाली आणि त्या भागाला पांजरापोळ हेच नाव पडले. आज पूर्व मुक्तमार्गावरचा बोगदा त्याच नावाने ओळखला जातो. चर्नी रोड, गोवालिया टँक, गायवाडी, पांजरापोळ : मुंबईने आपल्या जनावरांना नावांत भरपूर जागा दिली आहे. जमिनीत दिलेली जागा मात्र तिने प्रत्येक वेळी परत घेतली. जोवर हा हिशेब महापालिकेच्या अंदाजपत्रकात मांडला जात नाही, तोवर तो शेजाऱ्यांच्या जिन्यातच मांडला जाईल; आणि तेथे तो कधीच जुळत नाही.